तौंजीचं घराणं

म्यानमारमधल्या अल्पसंख्य वांशिक पक्षांच्या आघाडीचं कूळ विचारलं की जो तो पांगलाँगकडे बोट दाखवतो. १२ फेब्रुवारी १९४७, आँग सान, शान, कचिन, चिन पुढारी, सह्या. वंशावळ देखणी आहे, पण जुळत नाही. त्या करारात मोन नव्हते, अराकानीही नव्हते. १९८९ मध्ये लष्करशाहीच्या डोळ्यांदेखत 'युनायटेड नॅशनॅलिटीज लीग फॉर डेमोक्रसी' उभी राहिली, तेव्हा हे दोघंही तिच्यात होते.

माझ्या मते हे घराणं निघालं तौंजीहून. जून १९६१ मध्ये शान राज्याच्या या राजधानीत राज्याराज्यांचे प्रतिनिधी जमले, त्यांत मोन आणि अराकानीही होते. पांगलाँगमध्ये डोंगरी मुलखाने स्वतःपुरती स्वायत्तता मागितली होती. तौंजीने थेट बर्मी बहुसंख्यांच्या मुलखालाच हात घातला: त्याचंही इतरांसारखं एकच राज्य करा आणि वरच्या सभागृहात सगळ्यांना सारख्या जागा द्या! यावर खल करायला पंतप्रधान ऊ नूंनी रंगूनला पुढाऱ्यांना बोलावलं आणि २ मार्च १९६२ ला ने विनच्या सैन्याने यजमान-पाहुणे दोघांनाही उचललं.

काहीजण १९७६ ची सशस्त्र गटांची आघाडी पुढे करतात. पण ती फुटून निघण्याची भाषा सोडून संघराज्यावर आली १९८४ मध्ये. तौंजीत ते तेवीस वर्षं आधीच मागून झालं होतं.

पुढचं सर्वश्रुत आहे. १९९० च्या निवडणुकीत सू चींच्या पक्षाला ३९२ जागा. दुसरा क्रमांक मात्र लष्कराच्या लाडक्या पक्षाचा नव्हता (त्याला जेमतेम १०), तर २३ जागा जिंकणाऱ्या, लीगमधल्याच शान पक्षाचा. १९९२ मध्ये लीगवर बंदी आली, २००२ मध्ये ती 'युनायटेड नॅशनॅलिटीज अलायन्स' म्हणून परतली. नेते खुन टुन ऊ. सिपॉ संस्थानचे शेवटचे राजे साओ चा सेंग यांचे हे पुतणे. ते राजे १९६२ च्या अटकेनंतर कुणालाच दिसले नाहीत. हे नातं पुरावा म्हणून लंगडं आहे, ठाऊक आहे, तरी मोह आवरत नाही. पुतण्याला २००५ मध्ये पकडून ९३ वर्षांची शिक्षा ठोठावली. सुटका २०१२ मध्ये.

माझा खरा साक्षीदार लष्कराचीच २००८ ची राज्यघटना आहे. वरच्या सभागृहात प्रत्येक प्रदेशाला सारख्याच १२ निर्वाचित जागा. तौंजीची मागणी अक्षरशः मान्य! फक्त बर्मी मुलखाचे सात प्रदेश धरले, वांशिक राज्यंही सात, आणि वर लष्कराच्या राखीव ५६ जागा. शान पक्षाने २०१० च्या निवडणुकीसाठी नोंदणीच केली नाही.