सनदेची मोटार

निजामाने १७६३ साली रावेर पेशव्यांच्या हवाली केले आणि पेशव्यांनी ते पुढे होळकरांच्या घराण्याकडे लावून दिले, एवढाच काय तो राजकीय इतिहास इंग्रजी अमदानीतील गॅझेटियराने आमच्या गावाच्या पदरात टाकला आहे; त्याच्या आगेमागे येथील जरीच्या कामाचा ओझरता उल्लेख येतो आणि कारकुनाची लेखणी पुढच्या गावाकडे वळते. होळकरांचा तो अंमल उठून शतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्याच घराण्यातील एका तरुण राजाने सातासमुद्रापलीकडून जी मोटार मागविली, तिच्याविषयी रावेरात बसून लिहिण्यास मला एवढे नाते पुरेसे वाटते. वतनाचे दावे याहून क्षीण आधारांवर आमच्या लोकांनी तीन-तीन पिढ्या लढविले आहेत.

दुसरे यशवंतराव होळकर यांचा जन्म १९०८चा. वडील तुकोजीराव यांनी १९२६ साली गादी सोडली तेव्हा ती यांच्याकडे आली. शिक्षण ऑक्सफर्डपर्यंत झालेले, आणि अभिरुची अशी की इंदूरचा माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून, कमानी-महिरपींना रजा देऊन, नव्या यंत्रयुगाच्या साध्या रेषांत सजवून घेतला. अशा पुरुषाची दृष्टी ड्यूसेनबर्गवर जावी यात नवल नाही. मूळ जर्मनीतले पण अमेरिकेत वाढलेले हे ड्यूसेनबर्ग बंधू शर्यतीच्या मैदानावर नावारूपास आले होते. त्यांच्या गाडीने १९२१ साली ल मां येथे फ्रान्सची ग्रां प्री जिंकून युरोपीय कारखानदारांस धक्का दिला, आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत १९२४, १९२५ व १९२७ अशी तीनदा मारली. त्या तालमीत कमावलेली विद्या त्यांनी मग धनिकांच्या मोटारींत ओतली. ‘एसजे’ या नमुन्याच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र बसविलेले असे आणि त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती असल्याचे कारखाना सांगत असे. होळकरांच्या गाडीचा सांगाडा, चाके व इंजिन अमेरिकेचे, वरचा देह मात्र लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीर पेढीने घडविलेला. रंग नारिंगी आणि काळा. त्या लांबलचक सांगाड्यावर बैठका दोनच! हत्तीच्या अंबारीतही राजामागे चवरी ढाळणारा बसे. येथे त्यालाही जागा नव्हती. १९३७ साली कारखानाच मोडला, म्हणून ही मोटार त्या घराण्याच्या शेवटच्या अपत्यांपैकी एक ठरते. पुढे ती अमेरिकेत परतली, आणि आज जाणकार तिला राजाच्या नावाबरोबर इंजिनाच्या क्रमांकानेही ओळखतात: जे-५८५.

या क्रमांकापाशी मी थबकतो, कारण जुन्या शर्यती मोटारींच्या शौकिनांचे खरे प्रेम पत्र्यावर असते की कागदावर, असा प्रश्न मला नेहमी पडत आला आहे. सांगाड्याचा क्रमांक, कारखान्याच्या वहीतील नोंद, शर्यतीचे छापील कार्यक्रमपत्रक, बॉनेटवरचे मिन्याचे बिल्ले, एखादे मळके छायाचित्र, या साऱ्यांचे दप्तर मोटारीबरोबर हस्तांतरित होते, आणि ते नसेल तर मोटारीची किंमत निम्म्यावर येते, अगदी सनद हरवलेल्या इनामदारासारखी. त्यातून शर्यतीची मोटार म्हणजे सर्वांत संशयित कुळ. कारण ती आपटते, जळते, दर हंगामास तिचे इंजिन बदलते, आणि दहा वर्षांनी मूळचे तिच्यात काय उरले हे ब्रह्मदेवासही सांगता येत नाही.

याचा न्यायनिवाडा लंडनच्या न्यायालयात १९९० साली झाला, तो मला पेशवाईतील एखाद्या महजराइतकाच वाचनीय वाटतो. १९२९ व १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी बेंटली, जिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणत, ती सुमारे एक कोटी पौंडांस विकण्याचा सौदा त्या वर्षी एप्रिलात ठरला. आणि मग घेणाऱ्याने तक्रार काढली की ही ती मोटारच नव्हे. तक्रार निराधार नव्हती. मधल्या काळात तिचे इंजिन बदलले होते, देह बदलला होता, १९३२ साली ब्रुकलँड्सच्या मैदानावर ती चालविताना क्लाइव्ह डन्फी हा चालक मृत्यू पावला होता, आणि त्यानंतर तिला पुन्हा नवे रूप मिळाले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी तरीही निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. त्यांचा आशय असा की नवे भाग तिच्यात इतक्या हळूहळू मुरत गेले की तिची ओळख कधी तुटली नाही. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी बेंटली जगात नाही. आणि सौद्यात धातूबरोबर तिची कीर्तीही विकावयास होती. कीर्ती ही विक्रीयोग्य मालमत्ता आहे हे आमच्या देशमुख-देशपांड्यांस फार पूर्वीच ठाऊक होते. पण मोटारीच्या बाबतीत ते इतक्या स्वच्छ शब्दांत प्रथम तेथेच नोंदले गेले असावे.

आपल्याकडे या शौकास सरकारी दप्तरात स्वतंत्र रकाना मिळाला तो २०२१ साली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी मोटारीस आता ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, आणि ती प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे अथवा दुरुस्ती एवढ्याच कारणांनी रस्त्यावर आणावयाची असते. मूळ स्वरूप म्हणजे काय, या वादाला ऑटनसाहेबांच्या निकालानेही पूर्णविराम मिळाला नाही, तो आमच्या परिवहन कचेरीतील टेबलावर मिळेल अशी आशा मी करीत नाही.

आमच्या खळ्यात आजोबांची बैलगाडी होती. तिची धाव दोनदा बदलली, आरे सुताराने किती वेळा भरले याची मोजदाद नाही, आख बदलला, जू तर दर दोन-तीन वर्षांनी नवे. आजोबांच्या हातचे म्हणावे असे एक लाकूडही शेवटी उरले नसावे. ती सावद्याच्या बाजारात बैलजोडीसह विकली गेली तेव्हा घेणाऱ्याने गाडी कोणाची म्हणून विचारले. वडिलांनी आजोबांचे नाव सांगितले, आणि त्याने ठरल्या रकमेवर आणखी दहा रुपये ठेवले.