धूर खाणारी भिंत आणि भामरागडचा रस्ता

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमाजवळ भामरागड वसले आहे. आलापल्लीहून येथे येण्यासाठी सुमारे ६५ किलोमीटरचे जंगल ओलांडावे लागते. अशा ठिकाणी वाहनांच्या प्रदूषणाचा विचार करणे अनेकांना अनाठायी वाटेल. मात्र आलापल्ली, हेमलकसा, भामरागड, लाहेरी असा जाणारा रस्ता आता १३०-डी या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे आणि हा महामार्ग पुढे छत्तीसगडमधील नारायणपूर व कोंडागावला जोडला जाणार आहे. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे. पर्लकोटेच्या पुरात जुना ठेंगणा पूल बुडून ज्या गावाचा संपर्क पावसाळ्यात वारंवार तुटत आला, त्या गावाला पक्का रस्ता हवाच आहे. रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचणे त्यावरच अवलंबून असते. परंतु रस्त्याबरोबर वाहने येतात, आणि वाहनांबरोबर धूर व धूळ येते.

महामार्गाच्या कडेला आज ना उद्या शाळा, दुकाने आणि घरकुले उभी राहतील. ती कशाची बांधावीत, हा प्रश्न म्हणूनच अकाली नाही. हवा स्वच्छ करणारे सिमेंट, रंग आणि फरशा गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर चर्चेत आहेत. हे साहित्य नेमके काय करते, किती करते आणि काय करू शकत नाही, हे समजून घेणे भामरागडइतकेच मुंबई-पुण्याच्या रहिवाशांनाही उपयोगाचे ठरेल.

भिंत धूर कसा खाते?

या साहित्याच्या मुळाशी टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे चूर्ण आहे. त्यात नवलाचे काही नाही. घराला लावल्या जाणाऱ्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्येही ते असते. त्याचे एक खनिज, इल्मेनाइट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. या चूर्णाची स्फटिकरचना दोन प्रमुख प्रकारची असते. रंगात सहसा ‘रुटाइल’ वापरतात, तर हवा शुद्ध करण्यासाठी ‘अ‍ॅनाटेज’ अधिक उपयुक्त ठरते.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अ‍ॅनाटेजवर पडले की त्यातील इलेक्ट्रॉन जागा सोडतात. पृष्ठभागावरील पाण्याचा अंश आणि प्राणवायू यांच्याशी अभिक्रिया होऊन अतिशय क्रियाशील कण तयार होतात. इंजिनातील प्रखर उष्णतेमुळे हवेतीलच नायट्रोजन व प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात आणि धुराबरोबर बाहेर पडतात. ती या पृष्ठभागाला टेकली की त्यांचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते. सिमेंटमधील चुनखडीच्या अंशाशी नायट्रेट बांधले जाते आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते. या क्रियेत टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून त्याला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. जपानमधील अकिरा फुजिशिमा यांना १९६७ मध्ये विद्यार्थिदशेत या गुणधर्माचा शोध लागला. त्यांचा आणि केनिची होंडा यांचा या विषयावरील निबंध १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोमचे चर्च, मेक्सिकोचे रुग्णालय

इमारतीत या शोधाचा गाजलेला वापर रोममध्ये झाला. वास्तुविशारद रिचर्ड मायर यांनी आराखडा केलेले ज्युबिली चर्च २००३ मध्ये पूर्ण झाले. शिडांसारख्या त्याच्या तीन वक्र भिंती कायम पांढऱ्या राहाव्यात, यासाठी ‘इटालसिमेंटी’ या कंपनीने प्रकाश-उत्प्रेरक सिमेंट पुरविले होते. म्हणजे मूळ हेतू भिंत स्वच्छ ठेवण्याचा होता. भोवतालची हवाही स्वच्छ होऊ शकेल, ही बाब पुढे अधिक ठळक झाली. २०१३ मध्ये मेक्सिको सिटीतील मॅन्युएल गिया गोन्झालेझ रुग्णालयाच्या दर्शनी भागावर जाळीदार उत्प्रेरक आवरण बसविण्यात आले. २०१५ च्या मिलान येथील जागतिक प्रदर्शनातील इटलीचे दालनही याच जातीच्या सिमेंटने सजले. धूर खाणारी इमारत ही कल्पना त्यामुळे वृत्तपत्रांतून जगभर पोहोचली.

मोजमाप काय सांगते?

प्रयोगशाळेतील बंद पेटीत हे साहित्य उत्तम काम करते, याविषयी वाद नाही. मोकळ्या रस्त्यावर ते किती काम करते, हा वादाचा मुद्दा आहे. नेदरलँड्समधील हेंगेलो या गावी एका रस्त्यावर उत्प्रेरक काँक्रीटचे ठोकळे बसवून मोजमापे घेण्यात आली. तेथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांत दिवसभरात सरासरी १९ टक्के घट आढळली आणि अनुकूल परिस्थितीत ती अधिक होती. याउलट ब्रुसेल्समधील लिओपोल्ड द्वितीय बोगद्यात भिंतींना असा लेप देऊन व कृत्रिम अतिनील दिवे लावूनही मोजता येईल अशी घट दिसली नाही. ब्रिटनच्या हवा-गुणवत्ता तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. अशा रंगांनी व पृष्ठभागांनी शहरातील नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण लक्षणीय घटते याला पुरेसा पुरावा नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता.

या फरकाचे कारण रसायनात कमी आणि वाऱ्यात अधिक आहे. भिंत हवा ओढून घेत नाही. जी हवा तिला स्पर्श करते, तेवढीच स्वच्छ होते. रस्त्यावरील धुराचा फार मोठा भाग भिंतीला न शिवताच वर निघून जातो. अरुंद गल्लीत स्पर्श अधिक घडतो, रुंद महामार्गावर तो नगण्य असतो. शिवाय हवेतील आर्द्रता वाढली की पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि अभिक्रिया मंदावते. धुळीचे पुट चढले की अतिनील किरण आतपर्यंत पोहोचतच नाहीत.

गडचिरोलीच्या हवामानात यातून एक अडचण उभी राहते. ऑक्टोबर ते मे या काळात ऊन भरपूर असते, पण भिंत धुऊन काढणारा पाऊस नसतो. जून ते सप्टेंबर पाऊस भरपूर असतो, पण ऊन नसते आणि हवा दमट असते. भिंतीला दोन्ही हवेत, आणि दोन्ही एकत्र क्वचितच मिळतात.

धुळीपुढे रसायन हतबल

याहून मोठी मर्यादा अशी की, हे साहित्य वायूंवर काम करते, कणांवर नाही. खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवर मुख्य त्रास धुळीचा असतो. सुरजागडचे खनिज अवजड ट्रकांमधून आलापल्ली, आष्टीमार्गे जाऊ लागल्यावर या पट्ट्यातील रहिवाशांच्या तक्रारी लाल धूळ आणि खड्डे यांविषयीच होत्या. ट्रकच्या नळकांड्यातून निघणारा धूर हा धुळीचा एक भाग झाला. टायर व ब्रेकची झीज, उघड्या हौद्यातून सांडणारे खनिज आणि मुरुमाच्या कच्च्या कडेवरून उडणारी माती हा दुसरा भाग. शहरेही त्याला अपवाद नाहीत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, मुंबईतील प्रदूषणाच्या स्रोतांचा जो अभ्यास केला, त्यातही रस्त्यावरची धूळ हा एक प्रमुख स्रोत ठरला होता.

भारतात २००९ पासून लागू असलेल्या मानकांनुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, तर २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ही मर्यादा ४० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सूक्ष्म कणांसाठी सुचविलेली पातळी केवळ ५ आहे. शेजारच्या चंद्रपूरचा अनुभव येथे बोलका आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे होते, आणि मानके न पाळणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश झाला. वीज, कोळसा आणि सिमेंट यांवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यातील घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या गावांना सिमेंट तयार होताना आणि वाहून नेताना हवेचे काय होते, हे सांगावे लागत नाही. धूर खाणारे सिमेंटही कोठेतरी भट्टीत भाजावे लागते आणि ट्रकनेच आणावे लागते, हे हिशेब करताना विसरता येत नाही.

रस्ता हेच बांधकाम साहित्य

धुळीच्या दृष्टीने पाहिले तर घराच्या भिंतीपेक्षा रस्त्याचा पृष्ठभाग अधिक महत्त्वाचा ठरतो. मुरुम आणि खडीचा रस्ता ट्रकच्या चाकाखाली पिसला जातो, डांबरी थर उखडला की खालची माती उडू लागते. अवजड वाहतूक सोसणारा काँक्रीटचा रस्ता, दोन्ही कडांना पक्की पट्टी आणि पाणी वाहून नेणारी गटारे असतील तर ही धूळ मुळातच कमी होते. वस्तीजवळ गतिरोधकांची संख्या बेताची ठेवणे, हौदे ताडपत्रीने घट्ट झाकणे, खाणीतून बाहेर पडताना चाके धुणे आणि गाव टाळून जाणारा वळणरस्ता काढणे हे उपाय भिंतीवरील कोणत्याही लेपापेक्षा परिणामकारक आहेत.

खनिज रस्त्यावर येऊच न देणे हा त्यापुढचा उपाय. सुरजागडजवळील हेडरी ते चामोर्शी तालुक्यातील कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी २०२५ मध्ये सुरू करण्यात आली. बारीक दळलेले खनिज पाण्यात कालवून त्यातून वाहून नेले जाते. जितके खनिज नळातून जाईल, तितक्या ट्रकच्या फेऱ्या वाचतील. इंजिनांबाबतही हेच तत्त्व लागू पडते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि अवजड डिझेल इंजिनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोवॅट-तासामागे साडेतीन ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. भिंतीला जमणार नाही एवढी घट इंजिनातच होऊ शकते. अट एवढीच, की जुने ट्रक रस्त्यावरून हटले पाहिजेत.

कुडाची भिंत, झाडांची रांग

माडिया गोंडांचे पारंपरिक घर लाकडी खांब, बांबूचा कूड आणि त्यावर मातीचा लिंपण अशा साहित्याचे असते. वर गवत किंवा कवेलू असतात. मातीच्या गिलाव्यात ओझोन शोषून घेण्याचा गुण असल्याचे प्रयोगशाळांतील तपासण्यांत दिसले आहे, आणि माती हवेतील ओलावाही सावरते. तरीही त्यावरून कुडाचे घर प्रदूषणरोधक ठरत नाही. वळचणीखालच्या मोकळ्या जागेतून हवा सतत खेळत असते आणि तिच्याबरोबर रस्त्यावरची धूळही आत येते. घरातील चुलीचा धूर हा तर स्वतंत्र आणि अनेकदा अधिक गंभीर प्रश्न आहे.

रस्ता आणि घर यांच्यामध्ये झाडी असणे मात्र उपयोगी ठरते. मोकळ्या महामार्गाच्या कडेला जमिनीपासून शेंड्यापर्यंत दाट असलेली झुडपे आणि झाडे यांची रांग धूळ अडविते व धूर वर ढकलते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरितपट्ट्यांविषयी २००० मध्येच मार्गदर्शिका काढली होती. बांबू, करंज, कडुनिंब यांसारखी येथे रुजणारी झाडे त्यासाठी पुरेशी आहेत. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत मात्र हीच दाट पालवी धूर खाली कोंडून ठेवू शकते, हे शहरांनी ध्यानात घ्यावे. झाडांवर बसलेल्या धुळीचीही किंमत असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने गोळा करून वर्षाचा मोठा आधार मिळविणाऱ्या कुटुंबांसाठी रस्त्याकाठची झाडे ही उपजीविका आहे. रुंदीकरणात तोडलेल्या झाडांची जागा कुंपणाच्या पत्र्याने भरून निघत नाही.

उपायांचा क्रम

प्रकाश-उत्प्रेरक सिमेंट वा रंग निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. शहरातील अरुंद, उन्हाच्या आणि नियमित धुतल्या जाणाऱ्या जागी त्याचा थोडा लाभ होतो, आणि भिंत पांढरी राखण्याचे मूळ काम ते चोख करते. प्रश्न क्रमाचा आहे. आधी वाहन आणि इंधन, मग रस्ता आणि त्याच्या कडा, त्यानंतर वस्तीपासूनचे अंतर व झाडांची रांग, आणि सर्वांत शेवटी भिंतीवरचा लेप. मोठ्या शहरांत पहिल्या तीन पायऱ्या हातून निसटल्यामुळे चौथीकडे आशेने पाहिले जाते. भामरागडमध्ये शाळा रस्त्यापासून किती मागे बांधायची, जुनी झाडे किती राखायची आणि ट्रक वस्तीतून न्यायचे की बाहेरून, हे ठरविण्याची संधी अजून आहे. महामार्ग पूर्ण होऊन दुतर्फा दुकाने उभी राहिली की ती उरणार नाही.