बारावीनंतर एडचं काय?

तर मंडळी, गोष्ट कॅलिफोर्नियातली. एड रॉबर्ट्सला १९५३ साली, १४व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर जवळपास लुळं. रात्री झोपायचं ते 'आयर्न लंग' नावाच्या अवजड श्वासयंत्रात. हायस्कूल संपलं, पण शाळा प्रमाणपत्र देईना. का, तर व्यायामाचा आणि ड्रायव्हिंगचा तास राहिला! आई भांडली, तेव्हा मिळालं. पुढच्या शिक्षणाला मदत मागितली, तर राज्याचं पुनर्वसन खातं म्हणालं, हा नोकरी करणं शक्य नाही. तरीही १९६२मध्ये तो बर्कले विद्यापीठात गेला. वसतिगृहात यंत्राची सोय होईना, म्हणून राहिला विद्यापीठाच्या दवाखान्यात. १९७५मध्ये त्याच खात्याचा तो संचालक झाला! अपंग मुलांच्या शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी १६व्या वर्षापर्यंत शाळेनेच सुरू करायची, हे अमेरिकी कायद्यात आलं मात्र १९९०मध्ये. तोवर ज्याची त्याची आई.