एकच बोट, दोन पगार

हरिहरेश्वर-श्रीवर्धनला वीकएंडला जाणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना तिथे बीच आणि सुरमईच्या पलीकडे फारसं काही दिसत नाही. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून खाली रत्नागिरीपर्यंतच्या गावांतून, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतून, माणसं पिढ्यानपिढ्या 'बोटीवर' गेली आहेत. म्हणजे मासेमारीला नव्हे, तर इंग्रजांच्या मोठ्या आगबोटींवर. पी अँड ओसारख्या कंपन्यांमध्ये डेकवर कोकण-गुजरातचे लोक, खाली बॉयलरपाशी पंजाबी-पठाण आणि जेवणघरात गोवेकर अशी वाटणी असायची. टोळीचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. इंग्रज या सगळ्यांना सरसकट 'लास्कर' म्हणत.

आता पगाराचं बघा. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, म्हणजे १९३९ साली, लास्करला गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा मिळायचा. बोट तीच, वादळ तेच, दोरखंडही तोच! आणि हे काही लपूनछपून चालत नव्हतं. १८२३ च्या ब्रिटिश कायद्यानेच लास्करांना 'ब्रिटिश खलाशी' या व्याख्येतून बाहेर काढलं होतं. पुढे १८९४ च्या कायद्यात गोऱ्या खलाशाला झोपायला किमान ७२ घनफूट जागा, लास्करला ३६. १९०६ मध्ये गोऱ्यांची जागा १२० घनफूट झाली. लास्करची? ३६ च.

मालकांचं समर्थन ऐकून मात्र आयटीवाल्यांचे कान टवकारतील. यांच्या देशात स्वस्ताई आहे, यांच्या गरजा कमी आहेत, शिवाय एका गोऱ्याच्या कामाला यांची जास्त माणसं लागतात, मग बचत कसली? (बचत नव्हती तर भरतीला मुंबईपर्यंत कशाला येत होते, हे कोणी विचारलं नसावं.) आपल्या ऑनसाइट-ऑफशोअर रेटचं गणितही असंच मांडतात. पण निदान आपण पुण्यात बसून काम करतो. खलाशी काम करायचा भर समुद्रात. फक्त करारावर सही मुंबईत केलेली असायची.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये युद्ध पेटल्यावर मात्र कुरकुर थांबली आणि संप सुरू झाले. लंडन, ग्लासगोपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या बंदरांत हिंदी खलाशी बोट हलवेनात. पगार दुप्पट करा, नाहीतर टॉर्पेडो खायला आम्ही जात नाही! शेकडो जण तुरुंगात गेले, पण पगारवाढ मिळाली. युद्ध संपेपर्यंत पगार कितीतरी पटींनी वाढला, बरोबरीला मात्र आला नाहीच. त्या युद्धात सहा हजारांहून जास्त हिंदी खलाशी मेले.

साम्राज्य गेल्यावर तरी हे संपलं असेल ना? छे. ब्रिटनने १९७६ मध्ये वंशभेदविरोधी कायदा केला आणि त्याच्या नवव्या कलमात परदेशात भरती केलेल्या खलाशांना त्यातून वगळलं. २०११ च्या नियमांनी युरोपीय आणि इतर काही ठरावीक देशांच्या खलाशांसाठी ही पळवाट बंद केली. भारतीय आणि फिलिपिनो त्यात नव्हते.

आणि खरा पेच तर पुढेच आहे. १९७० च्या दशकात पनामा-लायबेरियाचे झेंडे लावलेल्या बोटींवर सगळ्यांना एकच दर द्या, असा आग्रह आयटीएफ या आंतरराष्ट्रीय युनियनने धरला. त्याला विरोध करणाऱ्यांत आशियातल्या युनियन होत्या, आपली भारतातलीसुद्धा. एकच पगार द्यायचा तर मालक आमची माणसं घेईल कशाला, हा त्यांचा प्रश्न. मला हा युक्तिवाद पटत नाही, पण म्हसळ्यातल्या घरी दरमहा येणारी मनीऑर्डर बंद पडणार असेल तर तो खोडून कसा काढायचा, तेही सुचत नाही.

सध्या आयएलओ खलाशाचा किमान मूळ पगार ठरवते. २०२५ साली तो महिना ६७३ डॉलर होता, देश कुठलाही असो. पण तो किमान. त्याच्या वर कोणाला किती, हे अजूनही बऱ्याच बोटींवर पासपोर्ट बघूनच ठरतं.