ऊन पाण्याचा इतिहास : चूल, बंब आणि सूर्य

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत एक छोटा शिलालेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी एक पोढी आणि एक मंडप दान दिला, अशी नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. जुन्नर परिसरातील दोनशेहून अधिक लेण्यांत अशी टाकी जागोजाग आढळतात. पाणी साठवणे हे पुण्यकर्म होते; म्हणून ते दगडावर कोरले गेले.

पाणी तापवणे मात्र कोणी कोरून ठेवले नाही. ते रोजचे आणि घरातील बायकांचे काम होते. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील घरांनी गेल्या शंभर वर्षांत किती सरपण जाळले याचा हिशेब मांडायला बसलो, तर स्वयंपाकाच्या शेजारीच आंघोळीचे पाणी उभे राहते. या पाण्याचा इतिहास म्हणजे इंधनाचा, जंगलाचा आणि श्रमाचा इतिहास होय.

वैलावरचा हंडा

आपल्या जुन्या चुलीला पुढे एक तोंड आणि मागे किंवा बाजूला वैल असे. पुढच्या तोंडावर भाकरी भाजली जात असताना ज्वाळा आणि गरम वायू वैलाकडे वळत. तेथे ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्या उष्णतेवर आपोआप कोमट होई. वाया जाणारी उष्णता वापरण्याची ही युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय घरोघरी माहीत होती.

परंतु पाच माणसांच्या आंघोळीला वैल पुरत नाही. त्यासाठी न्हाणीच्या चुलीवर वेगळा हंडा चढवावा लागतो. किती सरपण लागते, हे वर्गातील मुलांनाही काढता येईल. पाच जणांना मिळून १०० लिटर पाणी लागते आणि ते २० अंशांवरून ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे आहे असे धरू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून १०० × २५ × ४.१८ म्हणजे सुमारे १०,४५० किलोज्यूल उष्णता हवी.

एक किलो वाळलेल्या लाकडातून साधारण १५ ते १६ हजार किलोज्यूल उष्णता मिळते. याचा अर्थ, सगळी उष्णता पाण्याला मिळाली असती तर पाऊण किलोपेक्षाही कमी लाकूड पुरले असते. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत सुमारे दहावा हिस्साच भांड्यापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता धुरातून, भिंतीतून आणि हवेतून निघून जाते. म्हणून प्रत्यक्षात सहा ते सात किलो लाकूड जळते. एवढे लाकूड फक्त एका घरासाठी, एका सकाळी लागते.

तांब्याचा बंब

या हिशेबावर पहिला चांगला उपाय शोधला तो तांबटांनी. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत घडवलेले तांब्याचे बंब वाड्यावाड्यांतून पोहोचले. बंबाची रचना मुलांना अवश्य दाखवावी. मध्ये उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि नळीभोवती पाणी. नळीत ढलप्या, गोवरीचे तुकडे किंवा कोळसा टाकायचा. राख जाळीतून खाली पडते आणि धूर वरून निघून जातो. रशियातील समोवराचे तत्त्वही हेच आहे.

चुलीवर भांडे आगीच्या वर असते. बंबात पाणी आगीच्या भोवती असते. त्यामुळे ज्वाळेची उष्णता बाजूला जायला निघाली तरी ती पाण्यातच शिरते. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने नळीची भिंत ती चटकन पलीकडे पोहोचवते. चार-सहा ढलप्यांत बंब उकळू लागतो याचे कारण हे आहे. उणीव एवढीच की तांबे महाग. ज्याच्या घरी वाडा होता त्याच्याकडे बंब आला. ज्याच्या घरी झापाचे छप्पर होते, त्याच्याकडे हंडा आणि तीन दगडच राहिले.

कुलाब्यातील आरसे

सूर्याच्या उष्णतेने पाणी तापवण्याचा विचार नवा नाही. जिनिव्हाच्या होरेस द सोस्यूर याने १७६७ साली काचेच्या पेट्या एकात एक बसवून उन्हात ठेवल्या. आतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या जवळ गेले. काच सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण तापलेल्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त प्रारण सहज बाहेर जाऊ देत नाही, आणि आतील गरम हवाही अडवून धरते. आजच्या सौर बंबाची ही पहिली पायरी.

यातील एक पायरी मुंबईत चढली गेली, हे मात्र आपल्या पुस्तकांत क्वचितच येते. मुंबई उच्च न्यायालयात नोकरीस असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने १८७६ ते १८७८ या काळात कुलाब्याला सपाट आरशांची मोठी मांडणी केली. आरशांवरून परावर्तित झालेले ऊन एका बाष्पित्रावर पाडून त्याने वाफ तयार केली आणि त्या वाफेवर पाण्याचा पंप चालवला. त्याने सौर चूलही बनवली. उष्ण कटिबंधातील देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता वापरता येईल, या विषयावर १८७८ साली त्याने पुस्तकच लिहिले. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ उभ्या असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ताटल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे तत्त्व लगेच कळेल : मोठ्या क्षेत्रावर पडलेले प्रारण एका ठिकाणी गोळा करायचे. तेथे रेडिओ लहरी, येथे ऊन.

ॲडम्सचे यंत्र मागे पडले. कोळसा आगगाडीने स्वस्तात येऊ लागला, की आरसे पुसत बसायला कोण तयार होणार?

अमेरिकेतला धडा

आंघोळीपुरत्या गरम पाण्याला आरसेही लागत नाहीत. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप याने १८९१ साली काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून पेटंट घेतले. कॅलिफोर्नियात हे बंब भराभर खपले. दोष एकच होता : रात्री टाकी थंड होई आणि सकाळी पाणी गार.

विल्यम बेली याने १९०९ साली त्यावर तोड काढली. त्याने तापवणे आणि साठवणे वेगळे केले. उन्हात फक्त काळ्या पत्र्याला जोडलेल्या बारीक नळ्या ठेवल्या आणि पाण्याची टाकी उष्णतारोधक आवरणात गुंडाळून नळ्यांपेक्षा उंचावर बसवली. नळ्यांतले पाणी तापले की प्रसरण पावून हलके होते व वर टाकीत चढते. टाकीच्या तळचे गार, जड पाणी खाली नळ्यांत उतरते. ऊन असेपर्यंत हे चक्र पंपाशिवाय चालू राहते. सातवीच्या मुलांना अभिसरण शिकवताना चंचुपात्रात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून आपण जे दाखवतो, तेच हे.

पुढे लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू विपुल मिळू लागला आणि कॅलिफोर्नियातील सौर बंब मागे पडले. फ्लोरिडातील मायामी शहरात १९४१ पर्यंत निम्म्याहून अधिक लोक सौर बंबाचे पाणी वापरत होते. तेथे आधी महायुद्धामुळे तांबे मिळेनासे झाले, मग वीज स्वस्त झाली. विज्ञान चुकले नव्हते. बाजाराने दिशा बदलली. याउलट इस्रायलमध्ये इंधनाची टंचाई होती. हॅरी ताबोर याने १९५५ साली ऊन पुरेपूर शोषणारा, पण स्वतः फारच कमी उष्णता बाहेर टाकणारा काळा लेप शोधला, आणि १९८० साली नव्या घरांना सौर बंब सक्तीचा करणारा कायदा झाला. तंत्र टिकते ते केवळ चांगले आहे म्हणून टिकत नाही. त्याच्यामागे गरज आणि धोरण या दोन्ही गोष्टी लागतात.

घोड आणि कुकडीच्या खोऱ्यात

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. भारतात १९७३च्या तेलसंकटानंतर पर्यायी ऊर्जेचा विचार सुरू झाला. १९८२ साली केंद्रात अपारंपरिक ऊर्जास्रोत विभाग निघाला, १९८५ साली राज्यात 'महाऊर्जा' ही संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय पुण्यात आले. पुणे महापालिकेने सौर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देऊ केली. पुढे थर्मासप्रमाणे दुहेरी भिंतीच्या निर्वात काचनळ्या चीनमधून स्वस्तात येऊ लागल्या आणि नारायणगाव, मंचर, जुन्नर यांसारख्या गावांतील गच्च्यांवर सौर बंब दिसू लागले.

हिशेबही सोपा आहे. आपल्याकडे स्वच्छ दिवशी एक चौरस मीटरवर साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. दोन चौरस मीटरचा संग्राहक तिच्यातील ४० ते ५० टक्के टिपतो, म्हणजे चार-पाच युनिट. वर काढलेले १०,४५० किलोज्यूल म्हणजे २.९ युनिट. तेव्हा हिवाळ्यातही १०० लिटर पाणी सहज कढत होते. तेच पाणी विजेच्या गिझरवर तापवले, तर औष्णिक वीजकेंद्रात त्यासाठी सुमारे दोन किलो कोळसा जळतो. भट्टीत हजार अंशांपुढे तापमान निर्माण करायचे, त्यातली दोन-तृतीयांश उष्णता दवडायची, आणि हाती काय, तर ४५ अंशांचे पाणी! डोंगर पोखरून उंदीर काढण्याचाच हा प्रकार.

पण हे दोन्ही तालुके एकजिनसी नाहीत. पूर्वेकडे पाऊस पाच-सातशे मिलिमीटर, कुकडी प्रकल्पाचे कालवे, ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि सिमेंटच्या गच्च्या. पश्चिमेकडे सह्याद्रीचा माथा, तेथे पाऊस कित्येक पटींनी अधिक, कौलारू घरे आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्यावस्त्या. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगावच डिंभे धरणात बुडाले. धरणाचे पाणी पूर्वेला गेले. पश्चिमेला डोक्यावरचा हंडा राहिला.

सौर बंबाला तीन गोष्टी लागतात : भक्कम छप्पर, त्याच्याही वर पाण्याची टाकी आणि टाकीत नळाने येणारे पाणी. पश्चिमेकडच्या घरात बहुधा यांपैकी एकही नसते. शिवाय पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले. पूर्वेकडे अडचण वेगळी आहे. तेथील विंधनविहिरींचे पाणी जड असले, की तांब्याच्या अरुंद नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि काही वर्षांत अभिसरण मंदावते. योग्य वेळी नळ्या साफ केल्या नाहीत, तर बंब नुसता शोभेला उरतो.

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ साली थांबला. चुलीची कार्यक्षमता दहावरून वीस टक्क्यांवर गेली, तरी सरपण निम्मे वाचते. परंतु वाटलेल्या चुली दुरुस्त कोणी करायच्या, हे न ठरल्याने त्यांतील बऱ्याच मोडून पडल्या. २०१६ साली उज्ज्वला योजनेतून गॅस आला. घरगुती शेगडीवर १०० लिटर पाणी तापवायला साधारण ३७० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोचे सिलिंडर नुसत्या आंघोळीतच पाच-साडेपाच आठवड्यांत संपेल. हे गणित प्रत्येक गृहिणीला न मांडता कळते. म्हणून चहा-भाजी गॅसवर येते आणि आंघोळीचे पाणी न्हाणीच्या चुलीवरच राहते. लाकडावरून शेवटी उतरायचे ते पाणीच.

हे सरपण येते कोठून? भीमाशंकरचे जंगल १९८५ साली अभयारण्य झाले. शेकरूचे घर वाचले पाहिजे, हे खरेच. पण मोळी आणणाऱ्या बाईची थंडीतली सकाळ त्यामुळे सुकर झाली नाही, तिची वाट मात्र लांबली. जंगल विरुद्ध माणूस असे हे भांडण मांडण्यापूर्वी न्हाणीच्या चुलीत शंभरातली नव्वद टक्के उष्णता फुकट जाते, हे आधी पाहायला हवे.

सुरुवात कोठून व्हावी?

माझ्या मते वसतिगृहे आणि आश्रमशाळांपासून. समजा, दोनशे मुलांना प्रत्येकी १५ लिटर गरम पाणी द्यायचे आहे. उघड्या चुलीवर त्याला रोज सुमारे २०० किलो लाकूड लागेल. अशा इमारतींना बहुधा स्लॅब असतो, टाकी असते आणि देखभालीचे काम कोणाकडे तरी नेमून देता येते. उन्हाळ्या-हिवाळ्यात सौर बंब आणि पावसाळ्यात मध्ये नळी असलेला मोठा बंब, अशी जोडी लावली तर इंधनाचा मोठा भाग वाचेल. मात्र देखभालीची तरतूद खरेदीच्या वेळीच हवी. सुधारित चुलींचा धडा तोच आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून एक आठवडाभर नोंदी करून घ्याव्यात : घरी आंघोळीचे पाणी कशावर तापते, इंधन किती लागते (काट्यावर वजन करून), ते कोण आणते, पाणी कोण तापवते आणि घरात शेवटी आंघोळ कोण करते. एक काळा रंगवलेला डबा काच लावलेल्या पेटीत ठेवून, पेटी दक्षिणेकडे तोंड करून कलती करावी आणि दर अर्ध्या तासाने तापमान मोजावे. जुन्नर १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. तेव्हा पेटीचा कल किती ठेवावा, हे मुलांनाच काढू द्यावे.

मराठीत ऊन म्हणजे सूर्याचा ताप आणि ऊन म्हणजे गरमही. दोन्हींचे मूळ संस्कृत 'उष्ण' या शब्दात आहे. नोंदींचे आकडे फळ्यावर मांडले, की त्यातील शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतील. चर्चा तेथून सुरू करावी.