परागंदा पिता आणि पोटगीचा कायदा : नांदेड व लातूर परिसराच्या संदर्भात

पोटगीविषयक कायद्याचा इतिहास बहुधा रकमेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमाने दरमहा पन्नास रुपयांची कमाल मर्यादा घातली. ती १९२३ मध्ये शंभर व १९५५ मध्ये पाचशे रुपये झाली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती दीड हजारांवर नेली आणि २००१ च्या केंद्रीय दुरुस्तीने मर्यादाच नाहीशी केली. तथापि रक्कम ठरण्यापूर्वी आणि ठरल्यानंतरही, ती ज्याने द्यावयाची तो इसम सापडावा लागतो. या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. नांदेड व लातूर हा परिसर त्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगा आहे.

४८८ व्या कलमाचा हेतू निराधारांना त्वरित अन्नवस्त्र मिळवून देणे हा होता. औरस व अनौरस असा भेद न करता, स्वतःचे पोषण करू न शकणाऱ्या अपत्याला त्याने पित्याकडून पोटगी मिळण्याचा हक्क दिला. आदेश बुद्धिपुरस्सर मोडणाऱ्यास थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद देता येत असे. मात्र याच कलमाच्या आठव्या उपकलमाने अर्ज कोठे करावयाचा हे ठरवून दिले होते : पती जेथे राहतो, जेथे तो असतो, अथवा जेथे तो पत्नीसह शेवटी राहिला त्या जिल्ह्यात. टाकलेली स्त्री मुले घेऊन माहेरी येते, ही आपल्याकडील सर्वपरिचित स्थिती. आणि या तीन स्थळांत माहेराचा समावेश नव्हता. पहिल्या दोन स्थळांसाठी पतीचा ठावठिकाणा माहीत असावा लागे. तिसरे स्थळ म्हणजे बहुधा सासरचे गाव, जेथे साक्षीदार सगळे त्याच्याच भावकीतले.

एकतर्फी चौकशीची तरतूदही या अडचणीतून सोडवीत नसे. पती समन्सची बजावणी हेतुतः टाळतो आहे अशी न्यायदंडाधिकाऱ्याची खात्री झाली तरच पुरावा त्याच्या गैरहजेरीत नोंदविता येई, आणि झालेला आदेशही सबळ कारण दाखविल्यास तीन महिन्यांच्या आत रद्द करून घेता येई. म्हणजे पती सापडत नाही एवढे सांगून भागत नसे. तो लपतो आहे हे दाखवावे लागे, आणि ते दाखविण्यासाठी तो कोठे आहे याची काही तरी कल्पना असणे ओघानेच आले.

मराठवाड्यात या प्रश्नाला राजकीय सीमांची जोड मिळाली. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. दरबाराची भाषा उर्दू असून पोटगीला ‘नान-नफका’ म्हणत. सोलापूरच्या वा मुंबईच्या गिरणीत गेलेला पुरुष दुसऱ्याच राजसत्तेच्या अमलाखाली जाई. १८९८ ची संहिता येथे १९५१ मध्ये लागू झाल्यावर हा पडदा दूर झाला. परंतु पाचच वर्षांत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने नव्या रेषा आखल्या. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात आले (आजचा लातूर जिल्हा त्यातूनच १९८२ मध्ये निर्माण झाला). नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. सोयरिकी मात्र पूर्वीच्याच राहिल्या. देगलूरच्या मुलीचे सासर बिचकुंद्यास असेल, तर ते काल तालुक्यातच होते, आज ते परराज्यात गेले.

कायदा दोन्ही बाजूंस एकच होता हे खरे. हद्दीबाहेरचे समन्स तेथील दंडाधिकाऱ्याकडे दोन प्रतींत पाठविण्याची सोय होती. शिवाय ४९० व्या कलमाप्रमाणे आदेशाची प्रत स्त्रीला विनामूल्य मिळे, आणि पती जेथे असेल तेथील कोणताही दंडाधिकारी त्या प्रतीवरून अंमलबजावणी करू शके. पण त्यासाठी पक्षकारांची ओळख पटावी लागे. प्रत पदरात बांधून गावोगाव फिरायचे, पती दिसला की तेथल्या न्यायालयात जायचे आणि ‘हाच तो’ म्हणून सांगायचे, हे काम अखेर त्या स्त्रीचेच होते.

१९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आफ्रिकेत नोकरीस असलेल्या एका पतीच्या प्रकरणी, ‘असणे’ या शब्दात तात्पुरती उपस्थितीही येते असा अर्थ लावला. हंगामी स्थलांतराच्या प्रदेशात या निर्णयाचे महत्त्व उघड आहे. कंधार, मुखेड, जळकोट, अहमदपूर या बालाघाटच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारा मजूर हंगाम संपल्यावर गावी येतो. तेवढे दिवसही अधिकारक्षेत्रास पुरेसे ठरू शकतात. एक विसंगती येथे ध्यानात घेतली पाहिजे. ज्याने उचल दिली त्या मुकादमाला तो मजूर कोणत्या कारखान्यावर आहे हे नेमके ठाऊक असते. कर्ज देणाऱ्याला जो सापडतो, तोच लेकराला सापडत नाही.

विधी आयोगाने १९६९ च्या एकेचाळिसाव्या अहवालात टाकलेल्या स्त्रियांची ही अडचण मान्य केली. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या १९७३ च्या संहितेच्या १२६ व्या कलमाने पत्नी राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करण्याची मुभा दिली. माहेर कायद्यात प्रथमच आले, ते हे. १९८८ मध्ये संगमनेर येथे भरलेल्या परित्यक्तांच्या परिषदेने हा प्रश्न खाजगी दुःखाच्या कक्षेतून सार्वजनिक चर्चेत आणला. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उभयपक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या व पुढील कलमांत आल्या आहेत.

या साऱ्या वाटचालीत न्यायालय अपत्याच्या जवळ आले. पिता जवळ आला नाही. प्रतिज्ञापत्र हजर असलेल्यानेच द्यावयाचे असते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने परागंदा पालकांचा शोध घेणारी शासकीय यंत्रणा उभारली. ब्रिटनमध्ये १९९३ पासून हे काम सार्वजनिक संस्थेकडे गेले. आपल्या पोटगीच्या कलमांनी शोधाचे कर्तव्य कोणत्याही अधिकाऱ्यावर सोपविलेले नाही. अर्जावरील पत्ता अर्जदार स्त्रीनेच लिहावयाचा असतो. पन्नास रुपयांची मर्यादा जाऊन अमर्याद अधिकार आला, तरी त्या पत्त्याची ओळ कोरी असेपर्यंत मुलाच्या हाती पडणारी रक्कम १८९८ मध्ये होती तेवढीच राहते.