तेलखडकातील पाण्याचे अनुमान

तेलसाठा म्हणजे भूगर्भातील तेलाचे तळे, ही समजूत रूढ असली तरी यथार्थ नव्हे. तेल असते ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, आणि त्याच छिद्रांत पाणीही असते. छिद्रांच्या एकूण आकारमानापैकी पाण्याने व्यापलेला अंश म्हणजे जलसंपृक्तता. (रसायनशास्त्रात ‘संपृक्त’ म्हणजे आणखी काही न सामावणारे, येथे मात्र संपृक्तता निम्मी किंवा पावही असू शकते. संज्ञा फसवी खरी, पण रुळली आहे.)

५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या पथकाने तेलविहिरीतील खडकांचा विद्युत्-रोध प्रथम नोंदविला. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, तेलातून वाहत नाही. सबब रोध वाढला की तेलाची शक्यता धरावयाची. पण तेल किती? याचे अंकांत उत्तर १९४२ साली शेल कंपनीतील जी. ई. आर्ची यांनी दिले. केवळ पाण्याने भरलेल्या त्याच खडकाच्या रोधाहून चौपट रोध आढळल्यास छिद्रांत निम्मे पाणी, असा त्यांच्या सूत्राचा स्थूल अर्थ होय. यातील वर्गाचा घातांक मात्र त्यांनी इतरांच्या प्रयोगांवरून घेतला होता आणि सूत्राचा आधार स्वच्छ वालुकाश्म हा होता.

चिकणमातीतूनही वीज वाहते. ती मिसळलेल्या वालुकाश्मात रोध घटतो, पाणी फाजील दिसते आणि तेलाचा थर पाण्याचा समजून सोडून दिला जाण्याचा धोका उद्भवतो. वॅक्समन व स्मिट्स यांनी १९६८ साली या मातीचा हिशेब सूत्रात घातला. मुंबई हाय येथे १९७४ साली तेल लागले ते चुनखडकात. तेथे छिद्रांची घडणच निराळी. त्यामुळे घातांक ठरविण्यासाठी खडकाचे नमुनेच वर काढून तपासावे लागतात.